२६ च्या सायकलला पुढं २७.५ चं चाक : शोरूमनं बसवलं, शाहूपुरीतल्या मामांनी थांबवलं

आधी रेटिंग सांगून टाकतो, ज्याला घाई आहे त्यानं पुढं वाचलं नाही तरी चालतंय. मामांच्या कामाला पाचात साडेचार, अर्धा कापला तो वेळेसाठी. ज्या शोरूममधनं चाक घेतलं त्यांना एक, आणि तो एक पण चाक आऊट (वाकडं) नव्हतं म्हणून. नावं दोघांचीही टाकत नाही. शोरूमशी भांडण वाढवायचं नाही आणि मामांनी स्वतःच सांगितलंय, "नाव-बिव काय टाकू नगा ओ, हितं आधीच हुबं ऱ्हायला जागा न्हाय." कोल्हापुरात शाहूपुरीत स्टेशनकडनं आत शिरलं की पत्र्याचं शेड, बाहेर दोरीला जुन्या टायरी लटकवलेल्या, कुणालाही विचारा, सायकलवाल्या सगळ्यांना माहिती आहे.

तर झालं असं. माझी सायकल दहा-बारा वर्षं जुनी, २६ इंची एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, एकवीस गिअर, पुढचं चाक धरणारा चिमटा शॉकअपचा, दोन्हीकडं व्ही-ब्रेक, म्हणजे रिंगला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे. जुलैत भर पावसात रंकाळ्याकडनं घरी येत होतो, पाण्याखाली खड्डा होता तो काय दिसला नाही, दणका बसला आणि पुढच्या रिंगचा सरळ आठ झाला. चाक चिमट्यात फिरेनाच, सायकल पुढनं उचलून ढकलत घरी आणली. दुसऱ्या दिवशी शोरूमला गेलो. तिथला पोरगा एकदम कॉन्फिडंट, "सर २६ चं चाक आता येतच नाही, सगळं २७.५ नाहीतर २९. २७.५ घ्या, बसतंय की आरामात." टायर-ट्यूबसकट तयार चाक २,१०० रुपये. बसवलं पण त्यानंच, वीस मिनिटांत. दिसायला झकास, काळी रिंग, जाड टायर, पुढनं सायकल जरा छाती काढून उभी राहिल्यासारखी. मी खूश.

दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला पुढचा ब्रेक दाबला तर कर्रर्र असा आवाज आला आणि सायकल काय थांबेना. मागच्या ब्रेकवर कशीबशी थांबवली, पुढच्या रिक्षावाल्यानं आरशातनं असं बघितलं की विचारू नका. घरी येऊन खाली वाकून बघतोय तर काय, ब्रेकचं रबर खाचेत वर जेवढं जाईल तेवढं ढकललेलं आणि तरी अर्धं रबर रिंगवर, अर्धं रिंगच्या खाली हवेत, स्पोकच्या बाजूला लोंबकळतंय. काळ्या पेंटवर रबरानं खरवडून चंदेरी पट्टा पडलेला. म्हणजे अजून चार-पाच वेळा जोरात दाबला असता तर रबर रिंगखालनं घसरून थेट स्पोकमधे, आणि चालत्या सायकलचं पुढचं चाक जाग्यावर लॉक. त्याचा अर्थ ज्याला कळत नाही त्यानं उतारावर करून बघू नये.

शोरूमला परत गेलो तर म्हणे वापरलेलं चाक परत घेत नाही, ब्रेक "सेट होईल हळूहळू". मी म्हटलं काय सेट होईल, रिंग बारीक होणार आहे का रबर लांब? त्यावर उत्तर नाही.

मग ऑफिसमधल्या एकानं मामांकडं पाठवलं. मामा म्हणजे साठीच्या पुढचे, कमरेला ग्रीसनं काळं झालेलं फडकं, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. सायकलकडं एक नजर टाकली, चाक गरकन फिरवलं, ब्रेक दाबला, सोडला.

"कुणी बसवलं ओ ह्ये?"

सांगितलं. म्हटलं ते म्हणत होते आरामात बसतंय.

"बसतंय की. बसायला काय झालंय, चाकाचा मधला हब तेवढ्याच मापाचा हाय. थांबतंय का ते बगा."

आणि मग त्यांनी फडकं ओलं करून टायरच्या बाजूचा चिखल पुसला आणि बोटानं दाखवलं, तिथं बारीक अक्षरात ५४-५८४ असं उठवलेलं. इतकी वर्षं सायकल चालवतोय पण टायरवर मोठ्या अक्षरातला आकडा सोडून दुसरा आकडा मी कधी वाचलाच नव्हता. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा म्हणजे टायर रिंगवर जिथं बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमधे. माझ्या जुन्या २६ च्या टायरवर ५४-५५९. म्हणजे दोन रिंगांत २५ मिलिमीटरचा फरक, त्याचा अर्धा म्हणजे साडेबारा मिलिमीटर रिंग वर सरकली. आणि व्ही-ब्रेकचं रबर खाचेत वर-खाली सरकून सरकून किती सरकणार, थोडंफार. ब्रेकचे हात चिमट्याला ज्या खुंट्यांवर बसतात त्या खुंट्या वेल्ड केलेल्या, त्या काय हलत नाहीत. झाला विषय. हे शोरूममधे एका पट्टीनं कळलं असतं.

वरनं रिंग होती डिस्कवाली, म्हणजे ब्रेक रिंगला नाही तर हबवरच्या चकतीला लागतो त्या चाकाची. म्हणजे कडेला ब्रेक घासायला जो सपाट पट्टा लागतो तो नाहीच, नुसता पेंट. त्यावर रबराचा ब्रेक लावणं म्हणजे काय ते मामांनी एका शब्दात सांगितलं, तो शब्द इथं लिहिता येत नाही.

हे इंचाचे आकडे म्हणजे एक गंमतच आहे, मला तर त्या दिवशी मामांनी वेडा करून सोडला. आमच्या वडिलांची काळी रॉडब्रेकवाली सायकल अजून घरात आहे, तिचा टायर २८ × १½. आणि आताच्या पोरांच्या मोठ्या एमटीबीचा टायर २९. आता सांगा रिंग कुणाची मोठी? मी म्हटलं २९ ची. चूक. २८ × १½ ची रिंग ६३५ आणि २९ ची ६२२, ती ७००सी रोड बाईकची पण तीच. २९ नाव पडलं कारण टायर जाडा, बाहेरनं मोजला की २९ भरतो. आणि २६ म्हणाल तर २६ एक नाहीच, एमटीबीचा दशांशातला २६ म्हणजे ५५९, अपूर्णांकातला २६ × १⅜ म्हणजे ५९०, आणि २६ × १½ म्हणजे ५८४, म्हणजे आताचा नवाकोरा २७.५! जुन्या फ्रेंच सायकलींचं ६५०बी माप तेच. मामा म्हणतात नाव नवं, रिंग आज्ज्याची. तेव्हा दुकानात जाऊन "२६ चा द्या" म्हणू नका, जुन्या टायरवरचा तीन आकडी नंबर मोबाईलमधे फोटो काढून न्या, एवढं तरी करा.

बरं मग आता करायचं काय? मामांनी सरळ सांगितलं, पहिला सल्ला हा की चाक विकून टाका आणि २६ चं घ्या. मी म्हटलं २६ चं मिळत नाही ना. तर हसायलाच लागले. मागं वळून वर बोट केलं, छताला २६ च्या सहा-सात रिंगा टांगलेल्या. "कोन म्हनलं मिळत न्हाय?" म्हणजे महागातल्या एमटीबी २७.५ आणि २९ वर गेल्या हे खरं, पण साध्या सायकलींत २६ अजून धडाक्यात चालू आहे, रिंग, टायर, ट्यूब सगळं मिळतंय. माझ्या जुन्या हबवर स्पोक घालून नवी रिंग विणून दिली असती तर निम्म्या पैशात काम झालं असतं. हे मी मुद्दाम लिहितोय कारण ह्या रिव्ह्यूचा अर्थ "२७.५ बसवा, लय भारी होतंय" असा कुणी काढू नये. माझे २,१०० अडकले होते आणि वापरलेलं चाक कोण घेणार, म्हणून मी हट्ट धरला, बस्स.

पण माझ्या चिमट्याला एक नशिबाची गोष्ट होती. डाव्या पायाला खाली डिस्क ब्रेकचा कान होता, रिकामाच, दोन भोकं असलेला. कंपनीनं एकच चिमटा दोन मॉडेलला वापरलेला असणार. आणि शोरूमच्या चाकाचा हब डिस्कचा, सहा स्क्रूची चकती बसायची सोय. डिस्क ब्रेक चकती पकडतो, चकती हबला, त्यामुळं रिंग ५५९ असू दे नाहीतर ५८४, त्याला काय देणंघेणं नाही. म्हणजे रबराचे ब्रेक पुढनं काढायचे आणि केबलवाला डिस्क लावायचा. ब्रेकचा लिव्हर तोच चालतो, कारण एमटीबीचे केबल-डिस्क व्ही-ब्रेकच्या लिव्हरएवढीच केबल ओढायच्या हिशोबानं येतात. रोड बाईकचा कॅलिपर (चकती पकडणारा ब्रेकचा भाग) घेतला तर मात्र जमत नाही, तो वेगळा.

पण डिस्कच्या आधी मामांनी एक टेस्ट केली ती मला सगळ्यात आवडली. शॉकअपच्या दोन्ही पायांवरच्या टोप्या खोलून स्प्रिंगा बाहेर काढल्या, चिमट्याचे दोन पाय वर जिथं जुळतात त्या मुंडीला खालनं बोटानं ग्रीसचा ठिपका लावला, आणि हँडल धरून चिमटा पूर्ण खाली बसवला. परत वर उचलला. टायरच्या मधोमध ग्रीसचा डाग. मला दाखवलं, "ह्ये बगा, खड्ड्यात गेला की टायर मुंडीला घासणार. म्हंजे पुना चाक लॉक." नुसतं उभ्या सायकलला बघितलं तर टायर आणि मुंडीत भरपूर जागा दिसत होती! शॉकअप दबल्यावरचं कोण बघतंय. शोरूमनं नाही बघितलं, मी पण नसतं बघितलं.

त्यावर इलाज टायरचा. २.१ चा जाडा टायर काढून २७.५ × १.७५ घेतला, त्यावर ४७-५८४. आता हिशोब बघा, मी घरी येऊन वहीत मांडला. जुनं चाक ५५९ मधे दोन वेळा ५४, म्हणजे ६६७ मिलिमीटर व्यास. नवं ५८४ मधे दोन वेळा ४७, म्हणजे ६७८. फरक ११, निम्मा केला तर पुढनं सायकल फक्त साडेपाच मिलिमीटर वर. शोरूमच्या टायरनं तीच साडेबारा वर गेलेली. म्हणजे चाक बाहेरनं जवळजवळ पहिल्याएवढंच, पण आतली रिंग मोठी. परत ग्रीस लावून दाबून बघितलं, टायर कोरडा. मामांनी स्प्रिंगा घातल्या, टोप्या लावल्या, मग चहा सांगितला. त्याआधी नाही.

पुढनं वर गेल्यानं काय होतं हे पण विचारलं. सायकल मागं कलते, हँडलचा पाईप जास्त तिरका होतो, पेडलं पण थोडी वर जातात. माझ्या सायकलच्या दोन एक्सलमधलं अंतर मीटरच्या जरा वर आहे, त्या हिशोबानं साडेबारा मिलिमीटरला पाऊण डिग्रीच्या आसपास. हँडल हळू वळल्यासारखं, चढावर पुढचं चाक इकडंतिकडं जाण्यासारखं. शोरूमच्या टायरवर दोन दिवस फिरलो तेव्हा मला हे जाणवलं का? खरं सांगायचं तर ब्रेक नसलेल्या सायकलवर बाकी काय जाणवत नाही.

आम्ही चहा पीत होतो तेव्हा एक कॉलेजचा पोरगा आला, २६ चीच सायकल, स्टीलचा साधा चिमटा, आणि त्याला पुढं २९ पाहिजे. "मामा मुलेट करायचीय." मुलेट म्हणजे पुढं २९ मागं २७.५, डाउनहिलवाले करतात, २०१९ पासून युसीआयनं, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं, माउंटन बाइकच्या शर्यतीत दोन मापाची चाकं चालवायला परवानगी पण दिलीय, तर पोरगं काय चुकीचं ऐकून आलं नव्हतं. पण त्या सायकली मुळात तशा बनवलेल्या असतात किंवा त्यांचा मागचा सांधा बदलून कोन परत जाग्यावर आणतात. ह्याच्या २६ ला २९ म्हणजे रिंगच साडेएकतीस मिलिमीटर वर, पावणेदोन डिग्री सायकल मागं, आणि टायर चिमट्यात घुसतच नाही. पोरगं म्हणतंय चिमट्याला डिस्कचा कान वेल्ड करून घेतो उद्यमनगरात, ओळखीचं आहे. मामांचा आवाज चढला तेवढ्यापुरता. डिस्कचा ब्रेक दाबला की सगळा जोर चिमट्याच्या एका पायावर खाली येतो, साध्या चिमट्याचा पत्रा त्या जोराचा नसतोच, वेल्डिंग चांगलं झालं तरी पाय वाकणार. "उद्यमनगरात इंजनाचं पार्ट बनत्यात लेका, तुजं दात बनत न्हाईत." पोरगं गेलं. गिऱ्हाईक सोडलं पण काम घेतलं नाही, माझा अर्धा स्टार खरं तर तिथंच परत द्यायला पाहिजे होता.

डिस्कचं काम. चिमट्याचा कान जुन्या पद्धतीचा, कॅलिपर नव्या पद्धतीचा, मधे एक पट्टी लागते, अडॅप्टर, १६० च्या चकतीचा. मामांनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा फरशीवर पालथा केला, त्यात छर्रे, कोन, वायसर, निप्पल, कुठल्या कुठल्या सायकलींची हाडं, आणि त्यातनं दहा मिनिटांनी ती पट्टी काढली. पैसे घेतले नाहीत तिचे. चकती लावायच्या आधी हात साबणानं धुतले, स्पिरिटनं चकती पुसली आणि मला दम दिला की तिला बोट लावायचं नाही, तेल लागलं की चकतीला दाबणारे ब्रेकचे पॅड वाया. आणि मग लग्नपत्रिका! कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका होती, तिचा बोटाएवढा तुकडा कापला आणि चकती आणि आतल्या पॅडच्या मधे घातला, वरनं ब्रेक दाबून धरायला मला सांगितलं आणि दोन्ही बोल्ट आवळले. तुकडा ओढून काढला, चाक फिरवलं, अजिबात आवाज नाही. ह्या केबलवाल्या कॅलिपरमधे एकच पॅड हलतो, दुसरा जाग्यावर, म्हणून त्या जाग्यावरच्या पॅडला पत्रिकेएवढी फट ठेवायची, इतकंच. मी मोबाईलवर ह्यासाठी अर्ध्या तासाचे व्हिडिओ बघितलेत.

क्विक रिलीजचा, म्हणजे पान्याशिवाय चाक सोडवायचा दांडा उजवीकडं लावून दिला, चकतीच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे दांडा चकतीत अडकायची भानगड नाही आणि तापलेल्या चकतीला हात पण लागत नाही. स्पोक बघितले, एकमेकांवरनं तिरके विणलेलेच होते. सरळ विणीचं चाक असतं तर डिस्कला चालत नाही, ब्रेकचा पीळ हबमधनं स्पोकवर येतो. घरी जाताना सांगितलं की मोकळ्या रस्त्यावर वेगात जायचं आणि हळूहळू ब्रेक लावत थांबायच्या बेताला यायचं, असं वीसएक वेळा, तोवर ब्रेक पूर्ण पकडत नाही. मी विद्यापीठाच्या रस्त्यावर सकाळी सहाला ते करत होतो, फिरायला आलेले लोक बघत होते की ह्याला नक्की जायचंय कुठं.

रविवारी पन्हाळ्याला गेलो. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, वर. चढताना काही फरक नाही, बारीक टायरमुळं उलट जरा हलकी वाटली, हा मनाचा खेळ असेल. खरी परीक्षा उतरताना. वाघबीळच्या वरच्या वळणांवर आधी दोन्ही ब्रेकवर बोटं आवळून आवळून दुखायची, आता पुढं दोन बोटांत काम होतंय. ओला रस्ता होता तरी. रबराच्या ब्रेकला पावसात रिंग पुसायलाच आधी चाक फिरावं लागायचं, ते नाही आता. चकती तापली की किंचित टिंग टिंग करते, खाली सपाटीला आलं की गप्प. एक मात्र आहे, मागं रबर आणि पुढं डिस्क अशी सवय व्हायला वेळ लागतो, पहिल्या दिवशी गल्लीत जोरात दाबला आणि मागचं चाक उचललं. सावकाश घ्या.

किलोमीटर मोजायच्या मीटरमधला आकडा बदलायला विसरू नका. माझ्या मीटरचा सेन्सर पुढच्या चाकाला, त्यात घेराचा आकडा २०९५ होता तो आता २१३० केला. नाहीतर शंभर किलोमीटर मारले की मीटर दीड किलोमीटरच्या वर खातो, आणि घाटात घाम गाळलेला एक मीटर पण आपण सोडत नाही.

खर्च : चाक २,१०० (शोरूम), डिस्कचा सेट ६५०, १.७५ चा टायर ५५०, केबल आणि आऊटर १२०, मामांची मजुरी ४००. एकूण ३,८२०. मजुरी चारशे ऐकून मी परत विचारलं. बिल मागितलं तर वहीच्या कागदावर पेन्सिलनं लिहून दिलं, त्यावर पण ग्रीसचा अंगठा.

तक्रारी. "परवा या" म्हणजे चौथ्या दिवशी. फोन उचलत नाहीत, उचलला तर नातू उचलतो आणि "मामा जेवायला गेल्यात" म्हणतो, वेळ कुठलीही असू दे. क्यूआर कोड आहे पण त्याचे पैसे नातवाच्या मोबाईलवर जातात, त्यामुळं नातू शाळेत असेल तर रोख न्या. उभं राहायला खरंच जागा नाही, पाऊस असेल तर भिजणार. आणि तुमच्या सायकलबद्दल तोंडावर काय ते बोलतात, ज्यांना "सर" ऐकायची सवय आहे त्यांनी शोरूमलाच जावं.

मागच्या चाकाची रिंग पण आता घासून पातळ झालीय, ती मात्र मामांकडनं ५५९ चीच विणून घेणार आहे, नंबर लावून आलोय. "परवा या" म्हणालेत.